मेडिकल फिट

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. स्टीलचा. नाशिकच्या भांडीबाजारात मला घडवलं, झाकणाला आटे पाडले आणि केरूच्या लग्नात त्याच्या मामाने मला आहेरात दिलं. मित्रांनो, तांब्या म्हटल्यावर तुम्ही एकमेकांकडे बघून हसलात ते मला दिसलं बरं का. मी त्या कामाचा तांब्या नव्हे, पिण्याच्या पाण्याचा आहे. पण माझी कहाणी पोटाचीच आहे, तेव्हा नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

१९९५ साली केरू जुन्नरहून दुबईला गेला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत मीही होतो. रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये तो वेल्डिंगचं काम करी. मागेच राहायची खोली होती. खोलीत सहा खाटा, सहा माणसं आणि अख्ख्या रांगेला मिळून दोनच संडास. शेजारच्या खाटेवर रत्नागिरीचा लियाकत असे. तो स्वयंपाकात पटाईत आणि बोलण्यात फटकळ होता.

वर्षभरात केरूचं पोट बिघडलं. दोन दिवस जुलाब, मग चार दिवस कोठा जड, वर कळा आणि गुडगुड. संडासाच्या रांगेत बाकीचे हसायचे आणि हा घामाने भिजून उभा राहायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं त्याचं चाललं होतं.

शेवटी लियाकतने त्याला ओढून दवाखान्यात नेलं. तिथे विनिता नावाच्या मराठी डॉक्टर होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "केरू, घाबरू नकोस. तुझं आतडं चिडकं आहे. आयबीएस म्हणतात याला. जेवणाच्या वेळा सांभाळ. तिखट, तेल, चहा कमी कर. काय खाल्लं की त्रास होतो ते लिहून ठेव. आणि इसबगोल घे, पण भरपूर पाण्यात."

उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं, तर घरच्या घरी काही करत बसायचं नाही. सरळ माझ्याकडे यायचं."

केरूने मान हलवली. हे वाक्य तो विसरला नाही. विसरला असता तर मला त्याचा एवढा राग आला नसता.

त्यानंतरची चार वर्षं माझ्या भरभराटीची होती. संध्याकाळी केरू माझ्यात इसबगोल घाली, झाकण फिरवी, दणादण हलवी आणि घट्ट व्हायच्या आत घटाघट पिऊन टाकी. मग वर आणखी पाणी. दुपारी मी लबान घेऊन वर्कशॉपमध्ये जाई. लबान म्हणजे तिकडचं ताक. लियाकत मसाला घालण्याआधी केरूपुरती मऊ खिचडी बाजूला काढी. भिंतीवरच्या कॅलेंडरावर 'चणे' आणि 'दूध' या शब्दांपुढे फुल्या पडल्या. डॉक्टरांनी दिलेल्या पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलही चालू होत्या. पोट शांत झालं. "हा तांब्या म्हणजे माझा खरा डॉक्टर हाय," असं केरू सगळ्यांना सांगायचा. मीही फुगलो होतो. स्तुती कुणाला आवडत नाही?

मित्रांनो, आजार हत्तीच्या पायाने येतो असं म्हणतात. हा मात्र मुंगीच्या पायाने आला.

२००० सालच्या हिवाळ्यात मला पहिली शंका आली. केरूला माझं झाकण उघडेना. वेल्डिंग करणारा गडी, पण लियाकतपुढे मला धरून म्हणाला, "लियाकतभाई, जरा फिरवा बरं, आटे घट्ट झाल्यात."

लियाकतने दोन बोटांनी मला उघडलं. तो केरूच्या मनगटाकडे बघत राहिला. "आटे घट्ट नाहीत. तू वाळलास. खातोस की नाही?"

"पथ्य चाललंय," केरू म्हणाला.

मग एका दुपारी तो मला घेऊन वर्कशॉपच्या मागे गेला. नळाला पाणी नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यातलं प्यायचं पाणी ओतलं आणि पायजमा चोळू लागला. वाळूवर लाल पाणी वाहिलं. त्याने पायाने वाळू सारली, मला स्वच्छ घासलं आणि पुन्हा फडताळावर ठेवलं. त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. पण तांब्या बोलतो कुठे?

त्याने इसबगोल वाढवलं. कॅलेंडरावरच्या फुल्या वाढल्या. भाकरी गेली, डाळ गेली, शेवटी नुसता भात आणि लबान उरलं. खोलीतला गुणवंत सुट्टीवरून येताना कसलंसं चूर्ण घेऊन आला. "आतडं आरशागत लख्ख होतंय बघ," तो म्हणाला. तेही माझ्यात पडलं. माझं पोट दर आठवड्याला नव्या पुड्यांनी भरत होतं आणि केरूचं खपाटीला लागत होतं.

एकदा दवाखान्यात तो गेला, नाही असं नाही. डॉक्टर विनितांनी त्याला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी चिठ्ठी लिहिली. "मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुर्बिणीने आतडं बघायचंय. याच आठवड्यात."

"मॅडम, पुढच्या महिन्यात माझं मेडिकल हाय," केरू म्हणाला.

मित्रांनो, आपल्या गावात मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान. तिकडे मेडिकल म्हणजे व्हिसा नवा करायच्या आधीची तपासणी. तिच्यात फिट ठरलं तर राहायचं, अनफिट ठरलं तर सामान आवरायचं. कामगार त्या एका शब्दाला जेवढा भितो, तेवढा मरणालाही भीत नाही.

"आधी दुर्बीण, केरू. थांबू नकोस."

"मेडिकल होऊन जाऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते करतो. आत्ता काय निघालं तर मला परत धाडत्याल."

मेडिकलच्या दिवशी मी त्याच्या पिशवीत होतो. दंडातून रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. रांग मोठी होती. "यल्ला, पुढे चला," असं म्हणत माणसं पुढे ढकलली जात होती. केरूच्या पोटाला कुणी बोटही लावलं नाही. त्यांच्या फॉर्मवर पोट नव्हतंच.

चार दिवसांनी कागद आला. फिट!

खोलीत जिलेबी आली. गुणवंतने केरूच्या पाठीवर थाप मारली. "सरकारी मशिनीनं सांगितलं फिट. आता तुझी डॉक्टरीण काय म्हणती?"

केरू हसला. एवढा मोकळा मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. गावी शेजाऱ्यांच्या फोनवर नर्मदाला, आपल्या बायकोला, त्याने सांगितलं, "मेडिकल फिट झालो. आता काळजी करू नको." मग दुर्बिणीच्या चिठ्ठीची त्याने पुडी केली. तिच्यात गुणवंतचं चूर्ण भरलं. माझ्या अंगावर काटा येत नाही, म्हणून आला नाही.

सात आठवड्यांनी तो कामावर कोसळला. पोट फुगून दगड झालं होतं. लियाकत गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि सारखा एकच सांगत होता, "याला आयबीएस आहे, याला आयबीएस आहे." हॉस्पिटलमध्ये पोट उघडलं. आतड्यात गाठ होती आणि ती लिव्हरपर्यंत पोचली होती. तुंबलेल्या आतड्याला बाहेरून वाट काढून दिली आणि गाठीला हात न लावता पोट शिवून टाकलं. डॉक्टर विनिता भेटायला आल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं केरू नंतर लियाकतला म्हणाला.

लियाकत रजा काढून त्याला गावी घेऊन आला. मीही आलो, त्याच बॅगेत. ओसरीवर केरूला निजवलं. नर्मदाने कागदांची पिशवी उपसली. हॉस्पिटलचे कागद तिला वाचता येईनात, पण एक कागद तिने ओळखला. मागच्या मेडिकलचा असाच कागद केरूने सुट्टीवर येताना आणला होता, म्हणून त्यावरचा शिक्का तिला माहीत होता. यंदा फोनवर 'फिट' ऐकून तिने साऱ्या आळीत पेढे वाटले होते.

तो कागद तिने लियाकतपुढे धरला. "भाऊ, ह्ये मेडिकलमधी फिट झाले व्हते ना?"

उत्तर केरूने दिलं. आवाज खोल गेला होता.

"त्ये मेडिकल पोटाचं नसतंय, नर्मदे."

"मंग कशाचं असतंय?"

"व्हिसाचं."

नर्मदा खाली बसली. तिने माझ्यात पाणी भरलं आणि चमच्याने त्याच्या ओठांना लावलं. पाणी ओठांच्या कडेने ओघळलं. पुढे अठरा दिवस ती तसंच पाजत होती.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही भांडी म्हणतो, आम्हाला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मला ते मागायचं नाही. खुशाल टाका. पथ्य चांगलंच असतं, इसबगोलही चांगलं असतं. ज्या दुखण्यासाठी सांगितलंय, त्यासाठी. पण तुमचे बाबा दूर देशातून फोनवर "मी फिट आहे" म्हणाले, तर लगेच पेढे वाटू नका. "बाबा, फिट कोण म्हणालं? आणि त्यांनी तुमचं पोट दाबून पाहिलं का?" एवढं विचारा. ते रागावतील. रागावू द्या.