देव्हाऱ्यात अडकलेला फुटबॉल

मी फुटबॉल बोलतोय. माझ्या पोटातल्या हवेची शपथ, यात एक अक्षर खोटं नाही. हवा निम्म्याहून जास्त गेलीय, तेव्हा शपथही तेवढीच भरीव समजा. जन्म विलायतेचा. म्हणजे सियालकोटचा, पण साहेबासाठी शिवला गेलो, तर विलायतेचा म्हणायला काय हरकत आहे?

स्वराज्य आलं त्या वर्षी भुसावळचा एक गोरा गार्ड मायदेशी निघाला. त्याच्या बंगल्यावर केळी पोचवणारा फैजपूरचा गिरधर निरोपाला गेला, तर साहेबानं मला त्याच्या हातात ठेवलं. गिरधरनं मला आधी हुंगून पाहिलं, फळ पिकलंय का बघावं तसं.

त्यानं गावात संघ उभा केला. संघ कसला! सुटलेल्या गोऱ्ह्यामागे गाव धावावं तसे सगळे माझ्यामागे. गोल राखणारासुद्धा. नडग्या फुटायच्या, मी मात्र जागचा हलायचो नाही. यावलनं हरवलं, सावद्यानं हरवलं, धुळेकरांनी तर गोल मोजायचेच सोडून दिले.

मग गिरधरचा चुलतभाऊ कौतिक संघात आला. आला म्हणजे, माणूस कमी पडला म्हणून ओढून आणला. पोट माझ्याहून गोल. पळणार नाही, ही त्याची पहिली अट. मैदानाच्या मध्यावर उभा राहिला तो राहिलाच. पण सावदा स्टेशनावर वॅगनमध्ये केळी भरताना तो कायम दारात उभा असे. खालून घड घ्यायचा, आणि आत कुणाचे हात रिकामे झालेत ते मागे न बघता ओळखून त्याच्याकडे द्यायचा. मैदानातही तेच. मी आलो की मला तळव्याखाली दाबायचा, सावकाश नाक खाजवायचा, आणि डावीकडे आमचा गडी तोताराम मोकळा झाला की मला अलगद तिकडे सोडायचा. हळूहळू बाकीच्यांना उमगलं, की गर्दी करायची नाही, मोकळं व्हायचं. पुढचं कौतिकभाऊ बघतील. मध्ये एक डोकं शांत उभं राहिलं की भोवतीच्या वीस पायांना अक्कल येते, हे मी लाथा खाऊन शिकलो.

त्यानंतर आम्ही कधी हरलो नाही. बरं, दोनदा हरलो.

घात केला खंडेनवमीनं. गिरधरच्या आईनं, सुंदरबाईंनी, विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ पुजायला मांडले. गिरधरनं गमतीनं मलाही त्या रांगेत ठेवलं. मी तेल पिऊन काळा झालेला, गोल. बाईंना माझ्यात शाळिग्राम दिसला असावा. हळद-कुंकू लागलं, फूल वाहिलं, नारळ फुटला. दसरा झाल्यावर विळे बागेत गेले, फाळ शेतात गेला. मला मात्र त्यांनी उचलून देव्हाऱ्यात बसवलं.

आणि त्याच आठवड्यात धुळ्याचा संघ आला. या खेपेला हरलो तर संघ मोडायचा, असं गिरधरनं गावापुढे बोलून ठेवलं होतं. संघ मोडला की मला बाहेर काढणारं कोण उरणार?

गिरधर मला न्यायला आला, मागोमाग कौतिक. कौतिकनं मला बघताच हात जोडले.

"याले कुकू लागलं," तो म्हणाला. "आता याले लाथ कशी मारू? पाय झडतीन माहे."

गिरधरनं समजावलं, मग धुळेकरांना घाबरलास म्हणून डिवचलं. विळ्याचीही पूजा होते की, म्हणाला. त्यावर कौतिकनं विचारलं, की विळ्याला लाथ कोण मारतं?

तोड काढली सुंदरबाईंनी. गणपती उठवतात तसं मला उठवायचं. त्यांनी अक्षता टाकल्या, दहीभात दाखवला, मला जरा उत्तरेकडे सरकवलं.

"झाला मोकळा," त्या कौतिकला म्हणाल्या. "आता निरं चामडं हाये. घाल लाथा."

मग काय सांगू! अंगाला माती लागली, गवत लागलं. धुळ्याचा कप्तान झुलाल उसळून कौतिकच्या अंगावर आला. कौतिक हललाच नाही, झुलालच आपटला. कौतिककडून तोतारामकडे, तोतारामकडून गोलात. दोनदा. आम्ही जिंकलो.

शपथ घेतलीय, तेव्हा यातलं खोटं कुठलं तेही सांगतो. गोल खरे. झुलाल आपटला तेही खरं. अक्षता खोट्या, माझ्या अंगाची मातीही खोटी. सुंदरबाईंनी मला उठवलंच नाही. कौतिक हात जोडून अडून बसला, तेव्हा उशीर का होतोय ते बघायला दारात आलेला झुलाल हसत म्हणाला, "तुमना देव घरमाच राहू द्या. आमना चेंडू शे ना."

सगळे धुळेकरांच्या चेंडूनं खेळायला निघून गेले. लोकांचा ओरडा मी इथूनच ऐकला, बाकीचं नंतर गिरधरच्या तोंडून. माझ्यावाचून खेळ होणार नाही अशी माझी समजूत होती. चेंडू कुणाचाही चालतो. मधे कौतिक लागतो.

आता रोज ओल्या फडक्यानं पुसलं जातं, शिवणींत कुंकू भरलंय, वरच्या बाजूनं मी आत बसत चाललोय. समईमुळे पलीकडचं काही दिसत नाही. प्रत्येक सामन्याआधी कौतिक येतो, चप्पल बाहेर काढतो आणि माझ्यासमोर उभा राहून डोळे मिटून जय मागतो.

कौतिकभाऊ, जय माझ्याजवळ नाही हो. इथवर आलाच आहात, तर एक लाथ घाला.