चौदानंतर सोळा

“चार वर्षांत एकही शोधनिबंध नाही, मॅडम. काय करत होतात?” बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी फाइलवर पेन टेकवलं.

उत्तर मॅडमच्या अगदी जिभेवर होतं. आठवड्याला सोळा तास शिकवत होते, विभागाचं वेळापत्रक लावत होते, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवत होते. पण बढतीच्या मुलाखतीत घरचं रडगाणं कोण ऐकून घेतं? मागच्या खेपेला तिने ते गायलं होतं आणि पद हुकलं होतं. तिसरी संधी नियमातच नव्हती. आज हुकलं की निवृत्तीपर्यंत आहे तीच खुर्ची.

“घर कोणाला चुकलंय?” बाई म्हणाल्या. “तुमच्याच घरात बघा. सरांनी याच काळात दोनशे बारा मुलाखती घेऊन केवढं काम उभं केलं.” त्यांनी फाइलींच्या चळतीतून तो निबंध काढला.

सर म्हणजे तिचा नवरा. त्याच विभागातला, आणि याच निबंधाच्या जोरावर केव्हाच प्राध्यापक झालेला. निबंधाचा विषय तरी काय, तर घरकामात जाणारा बायकांचा वेळ! आता असल्या गोष्टी बायका परक्या पुरुषाशी थोड्याच बोलतात? सासूबाईंजवळ शेजारणीला बसवून दर रविवारी दारोदार हिंडली ती हीच. सर ग्रंथालयात होते. निबंधाच्या शेवटी त्यांनी ‘पत्नीच्या प्रेमळ सहकार्याबद्दल’ आभार मानले, आयत्या बिळावर नागोबा. तेव्हा ते वाचून आपल्याला बरं वाटलं होतं, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलावं तर नवऱ्याची अब्रू जाते, गप्प बसावं तर पद जातं.

“त्या मुलाखती मी घेतल्यात,” ती म्हणाली.

समितीचे अध्यक्ष हसले. “नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं, मॅडम?”

बाई हसल्या नाहीत. “कशावरून?”

“कोष्टक बघा. चौदानंतर एकदम सोळा आहे. प्रश्नावलीत पंधराव्या जागी चौदावाच प्रश्न पुन्हा छापला गेला होता. पन्नास घरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. परत छापायला वेळ नव्हता, म्हणून मी तो आकडाच गाळला. सरांना अजून माहीत नाही.”

बाईंचं बोट चौदावर थांबलं, मग सोळावर गेलं.

“त्यांच्या बढतीच्या मुलाखतीत मीच विचारलं होतं त्यांना,” त्या सावकाश म्हणाल्या. “पंधराव्याला कोणी उत्तरच दिलं नाही, असं म्हणाले.”

मग अध्यक्षांनी फाइल मिटली.

“असेल. पण निबंधावर तुमचं नाव नाही, मॅडम. नाव नाही ते काम आम्हाला धरता येत नाही. या वेळीही शिफारस होणार नाही.”

नवरा बाहेर व्हरांड्यातच उभा होता.

“काय विचारलं गं?”

“तुझ्या निबंधाचं. मुलाखती मी घेतल्या, असं सांगून आले. पंधराव्या प्रश्नाचंही सांगितलं.”

त्याचा चेहरा पडला. “अगं, त्या बाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. काय म्हणाल्या? माझ्याबद्दल काही बोलल्या का?”

ती जिन्याकडे वळली. दोघं जिना उतरू लागले. आता विचारेल, मग विचारेल म्हणून ती मुद्दाम सावकाश उतरत होती. पंधरावा प्रश्न कसा सावरून घ्यायचा, ते तो बोलत राहिला. तळमजला आला, तरी तिचं काय झालं ते त्याने विचारलं नव्हतं.