खानदेशातल्या दोन हेराल्ड

मित्रांनो, चाळीसगावात स्टेशनाच्या मागच्या गल्लीत, एका पत्र्याच्या शेडखाली फिकट आकाशी रंगाची एक मोटार उभी आहे. ती मी. तुम्ही कदाचित मला पाहिलं असेल आणि पुढे गेला असाल. माझ्यासारखी मोटार तुमच्या ओळखीची नाही, यात तुमचा दोष नाही. मी हेराल्ड आहे. आमची जात आता रस्त्यावर दिसत नाही.

माझा जन्म मद्रासचा. साठ-पासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. मला दोनच दरवाजे आहेत. मागे बसायचं असेल तर पुढचं आसन दुमडावं लागतं. इतर मोटारींचं नुसतं झाकण उघडतं, पण माझं अख्खं तोंड, दिवे आणि मडगार्डसकट, पुढे कलतं. रस्त्यात कुणी ते उघडलं की गर्दी जमायची. माणसं वाकून वाकून आत बघायची आणि मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

चाळीसगावचे भुसार व्यापारी रिखबचंद शेठ यांनी मला हौसेनं आणलं. पण हौस वेगळी आणि हात वेगळा. रेल्वेचं फाटक दिसलं की शेठजी क्लच आणि ब्रेक यांत गोंधळायचे. एकदा तर त्यांनी मला ऐन रुळांवर बंद पाडलं. गेटमन आणि दोन हमाल धावत आले आणि त्यांनी मला ढकलून बाहेर काढलं. घरी आल्यावर शेठजींनी किल्ली बायकोच्या हातात दिली. म्हणाले, "प्रेमकुंवर, तू शीक. माझ्यानं हे होणार नाही."

आणि त्या शिकल्या. डोक्यावरून पदर घेतलेली मारवाड्याची सून मोटार चालवते, हे बघायला लोक दुकानांच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर यायचे. सासूबाईंनी अबोला धरला. मग एका दुपारी शेजारच्या कमलबाई अडल्या. सुईण म्हणाली, धुळ्याला न्या, नाहीतर खरं नाही. तेव्हा सासूबाई स्वतःच माझ्याजवळ आल्या, पुढचं आसन कसंबसं दुमडून मागे बसल्या आणि कमलबाईंचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "चल सूनबाई, सांभाळून ने." धुळ्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. आई आणि लेकरू दोन्ही सुखरूप. त्यानंतर पाहुणा आला की सासूबाईच सांगायच्या, आमची सून मोटार चालवते म्हणून.

माझे ते दिवस चांगले होते. कन्नडचा घाट मी न तापता चढायचे. पाटणादेवीला गेलो की झाडाखाली मला उभी करत आणि मुलं माझ्या आरशात तोंड बघत बसत.

पुढे आमची जात बनायची बंद झाली. एखादी वस्तू बनायची बंद होते म्हणजे काय, ते तिला लगेच कळत नाही. आधी एक रबर मिळेनासं होतं. मग एक नळी. शेठजी धुळ्याच्या आग्रा रोडवर, जळगावच्या मोटार सामानाच्या दुकानांतून, पुढे पुढे मुंबईपर्यंत माझ्यासाठी फिरत. पिशवीतला मोडका भाग काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "असाच पाहिजे." दुकानदार तो उलटासुलटा करून बघायचा आणि परत द्यायचा. शेठजी घरी येऊन हसून म्हणायचे, "जुनी गाडी म्हणजे अर्धी दारात आणि अर्धी गावोगाव शोधायची."

कौतिक मिस्त्री मला कसंतरी चालतं ठेवायचा. माझा पट्टा पिठाच्या गिरणीकडून आला, आरसा ट्रॅक्टरचा बसला, क्लचची प्लेट दुसऱ्या मोटारीची आणून लेथवर कापून घेतली. मी उसन्या अवयवांवर चालत होते, पण चालत होते.

शेठजी गेले. मुलगी हर्षिता लग्न होऊन इंदूरला गेली होती. घरात प्रेमकुंवरबाई एकट्या राहिल्या. गल्ली आता त्यांना अक्का म्हणू लागली होती. एकदा पाटणादेवीहून येताना माझ्या मागच्या चाकात कडाड् असा आवाज झाला आणि मी एका अंगाला बसले. चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे ॲक्सल, तुटला होता. इतक्या वर्षांचं लोखंड ते, थकलंच असणार. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला दोर बांधून मला ओढत घरी आणलं. तेव्हापासून मी या शेडमध्ये आहे.

अक्कांनी शोध सुरू केला. कौतिकनं लेथवर एक दांडा घडवून आणला, पण गल्लीच्या टोकाला पोचायच्या आतच तो उसासारखा पिळवटला. मग नुसते फोन. धुळे, जळगाव, मुंबई, कोइम्बतूर. अक्का माझ्या दाराशी खुर्ची टाकून फोन करायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या गप्प होण्यावरून कळायचं. वर्षं गेली. हायवेवरचा एक हॉटेलवाला येऊन गेला. मला लाल रंग देऊन दाराशी शोभेला ठेवायचं म्हणाला. अक्का म्हणाल्या, "ती शोभेची नाही." हर्षितानंही फोनवर खूप समजावलं. म्हणाली, "आई, आता कशाला जीव अडकवतेस त्या गाडीत?" अक्कांनी विषय बदलला.

मित्रांनो, उभं राहण्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो आपल्यासारखं दुसरं कुणी नसण्याचा. गल्लीतून रोज किती मोटारी जातात. एकमेकींना हॉर्न देतात. त्यांचे सुटे भाग दुकानात रांगेनं टांगलेले असतात. माझ्या आवाजाला आवाज देणारं या मुलखात कुणी उरलं आहे, असं मला वाटत नव्हतं.

पण एक होती. आग्रा रोडच्या एका दुकानदारानंच अक्कांना सांगितलं, "पिंपळनेरचे एक सर याच गाडीचं सामान विचारायला येतात." अक्कांनी त्यांचा नंबर घेतला आणि त्यांना चहाला बोलावलं.

नवल सर आले. साठी ओलांडलेले, शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारल्यापासून एकटेच राहणारे. शेडमध्ये आल्यावर त्यांनी माझ्याभोवती एक फेरी घातली, माझ्या दाराची कडी उघडली आणि पुन्हा लावली. म्हणाले, "हा आवाज. आमच्या दाराचा अगदी असाच आहे."

चहा झाला. दोघंही हवापाण्याचं बोलत राहिले. शेवटी अक्काच म्हणाल्या, "सर, स्पष्टच बोलते. तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल धड आहे का?"

"धड आहे. वडिलांची गाडी आहे, सगळं धड ठेवलंय." सर घोटाळले. "फक्त समोरची काच गेली. निंबाची फांदी पडली वादळात. ही काच गोलाईची, दुसरी कापून बसत नाही. काचेशिवाय रस्त्यावर कशी काढणार? चार वर्षं झाली शोधतोय. खरं सांगू अक्का, मी तुमच्याकडे काच मागायला आलो होतो."

"आणि मी तुम्हाला ॲक्सल मागायला बोलावलं."

दोघांना हसू आलं. पण एकीला चालती करायची तर दुसरीला मोडायची, हे दोघांना एकाच वेळी उमगलं होतं. मलाही.

सर म्हणाले, "काच राहू द्या. मी ॲक्सल काढून आणतो. तुम्ही वडीलधाऱ्या, तुमची गाडी आधी चालू होऊ द्या."

अक्कांनी कौतिकला हाक मारली. तो पोतं अंथरून माझ्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत तांबडा भुगा होता. तो त्यानं अक्कांसमोर उघडला.

"ॲक्सल बसाडी देसू, अक्का. पन त्याले धरी कोन? खालनं लोखंड बठ्ठं गंजी जायेल शे." माझा खालचा अख्खा सांगाडा गंजला होता, ॲक्सल धरून ठेवायलाच काही उरलं नव्हतं.

"कधीपासून?"

"व्हयनात बरीच वर्सं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

कौतिकनं हात झटकले. म्हणाला, "तुम्ही रोज फोन करत व्हत्या. कसं सांगू?"

अक्का उठल्या. माझं दार उघडून चालकाच्या जागेवर बसल्या. हात स्टिअरिंगवर ठेवले. त्या रडल्या नाहीत. नुसत्या समोर बघत राहिल्या. समोर शेडची भिंत होती. नवल सर आणि कौतिक उन्हात उभे राहिले. थोड्या वेळानं अक्का बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काच काढा."

"अक्का, घाई नका करू."

"सर, भिंत बघायला काच कशाला लागते? चालत्या गाडीला ती लागते. घेऊन जा."

कौतिकनं साबणाच्या पाण्यानं काचेभोवतीचं जुनं रबर भिजवलं आणि बोटांनी सोडवत सोडवत काच मोकळी केली. सर ज्या जीपनं आले होते तिच्यात ती गोधडीत गुंडाळून ठेवली गेली. जाताना सर अक्कांच्या पाया पडले. मग वळले आणि माझ्या मडगार्डला हात लावून तोच हात कपाळाला नेला.

नंतरचे दिवस कठीण होते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. वारा सरळ आत येऊ लागला. आसनांवर धूळ साचली, एका मांजरीनं मागे पिलं घातली. अक्का दाराशी खुर्ची टाकायच्या, पण आता फोन करायला कुणी नव्हतं. शोध संपला होता. आम्ही दोघी नुसत्या बसून असायचो. मला वाटायचं, मी उगाच दिली का काच? पण देणारी मी नव्हते, आणि नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

दिवाळी उलटून गेली. एका सकाळी गल्लीच्या तोंडाकडून एक आवाज आला. जरा घोगरा, मधेच शिंकल्यासारखा. मी तो आवाज ओळखला, पण कुणाचा ते कळेना. मग ध्यानात आलं, तो माझा आवाज होता. इतकी वर्षं तो मी आतूनच ऐकला होता. बाहेरून तो असा ऐकू येतो, हे मला त्या दिवशी समजलं.

राखी रंगाची हेराल्ड आमच्या दारात येऊन थांबली. तिच्या तोंडावर माझी काच होती. नवल सर उतरले. पिंपळनेरहून थेट चालवत आले होते. त्यांनी अक्कांना बाजूला बसवलं आणि दोघं धुळे रस्त्याकडे गेले. मी आवाज अगदी विरेपर्यंत ऐकत राहिले. गल्ली पुन्हा रिकामी झाली. तेवढा वेळ मला माझं एकटेपण जितकं जाणवलं, तितकं आधी कधीच जाणवलं नव्हतं.

ते परत आले. गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली आणि आतल्या माणसांनी जागा बदलल्या. मग ती अगदी हळू, दुकानांच्या पायऱ्या सांभाळत, माझ्या दिशेनं येऊ लागली. स्टिअरिंगवर अक्का होत्या. पांढरे केस, डोक्यावरून पदर, मान जरा पुढे, आणि ओठ दाबून धरलेले, एखादी मुलगी गणित सोडवताना दाबते तसे. मित्रांनो, त्या आयुष्यभर माझ्या आत बसून मला चालवत होत्या. म्हणून चालवताना त्या कशा दिसतात, हे मी कधीच पाहिलं नव्हतं. ते मी माझ्याच काचेतून पाहिलं.

आता सर महिन्या-दोन महिन्यांनी येतात. येतात तेव्हा माझा काही ना काही भाग लागतोच. कधी दाराची कडी, कधी पेट्रोलचा पंप. कौतिक तो काढतो, अक्का फडक्यानं पुसून सरांच्या हातात देतात. मी हळूहळू कमी होत चालले आहे आणि ती चालते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिच्यावर नुसतं कापड टाकून तिला जपलं असं म्हणू नका. खाली वाकून बघा, गंज लवकर दिसेल. आणि तिच्यासारखी दुसरी कुठे आहे का, ते वेळेत विचारा. मी आणि ती राखी मोटार, आम्ही पन्नास वर्षं एकाच मुलखात होतो. मधे एका दिवसाचाही रस्ता नव्हता. आमची भेट मात्र माझी काच निघाल्यावर झाली.