सगळ्या मशिनी बऱ्या झाल्या

शिलाईच्या कारखान्यात तिला नावानं हाक मारायचं कुणाच्या मनातही येत नसे. सगळे तिला 'डॉक्टरीण' म्हणायचे. दीडशे मशिनींच्या खडखडाटात उभी राहून ती डोळे मिटायची आणि बोट दाखवून सांगायची, "तिसऱ्या रांगेतली पाचवी. सुई वाकलीय हिची." आणि ती वाकलेलीच असायची! एकतीस वर्षं हे चाललं. कागदोपत्री मात्र बाई निवृत्त झाली ती 'मदतनीस' म्हणूनच, कारण सर्टिफिकेट नव्हतं. तरुणपणी ती तंत्रशाळेत अर्ज घेऊन गेली होती, तर 'दहावी नापास' एवढे दोन शब्द वाचून खिडकीवरच्या माणसानं अर्ज परत सरकवला होता. ते सरकवणं ती जन्मात विसरली नाही.

आणि आता बघा, त्याच शाळेच्या मास्तरांचा फोन आला होता. "बाई, तुमच्याकडे बिघडलेल्या मशिनींचे आवाज आहेत म्हणे. उद्या सकाळी नव्या वर्गाचा पहिला तास त्यांनीच सुरू करीन म्हणतो. आज पाचपर्यंत पाठवाल का?"

आवाज होते की! शेवटच्या नऊ वर्षांत डॉक्टरणीनं फोनवर दोनशे चौदा आवाज धरून ठेवले होते. आधी तिचा स्वतःचा आवाज, "बॉबिन केस सैल," आणि मागोमाग ती मशीन. त्यातल्या निम्म्या मशिनी आता भंगारात गेल्या होत्या.

पाठवायचं काम लेकीनं अंगावर घेतलं. लेकीची नोकरीच आवाजाची. लोकांची भाषणं, सभा, मुलाखती साफसूफ करून द्यायच्या. "आई, तू निवांत बस. हे माझ्या डाव्या हातचं काम."

दुपारची जेवणं उरकली तशी लेकीनं आईकडून फोनचं मेमरी कार्ड मागून घेतलं, कॉम्प्युटरला लावलं आणि कामाला लागली. फाइली उतरवल्या, सवयीनं सगळ्या एकदम सफाईच्या प्रोग्राममधून काढल्या, साफ झालेल्या फाइली जुन्यांच्या जागी बसवल्या आणि त्या सगळ्यांची मिळून एक झिप केली. जाता जाता कार्डही पुसून टाकलं, म्हणजे आईच्या फोनला जागा होईल. पोरगी गुणाची, पण उरक भारी!

दोनच्या सुमाराला तिनं खुर्ची गर्रकन वळवली. "झालं आई! दोनशे चौदा फाइलींचा एक गठ्ठा, आणि तोही चिमुकला. पाठवू?"

"चालवून पाहिलंस?"

"अगं, झिप काय चालवून बघायची असते?"

"मी कापडाचा तुकडा घालून चालवल्याशिवाय एकही मशीन हातावेगळी केली नाही. आण तो हेडफोन इकडे."

लेकीनं डोळे फिरवले, पण हेडफोन दिला. आईनं पहिला आवाज ऐकला. दुसरा ऐकला. दहाव्याला तिच्या कपाळावर आठी पडली आणि विसाव्याला तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"कार्टे, या मशिनींना काय केलंस तू?"

"काय झालं?"

"सगळ्या बऱ्या झाल्या की गं!"

लेकीला आधी हसू आलं. "आई, मागची खरखर तेवढी काढली मी. ऐकायला किती स्वच्छ वाटतं बघ."

"अगं शहाणे, ती खरखर म्हणजेच तर दुखणं होतं! ते काढलंस, मग पोरांनी शिकायचं काय? माझा गळा?"

लेकीनं घाईघाईनं फोल्डर उघडलं. मूळ फाइली गेल्या होत्या. कार्ड पुसलं होतं. नऊ वर्षांची मेहनत तिनं स्वतःच्या हातांनी धुऊन काढली होती, तीही कौतुकानं. "आई, मी घालवलं गं सगळं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

आई उठली. कपाटातून बॉबिनचा पत्र्याचा डबा काढला, रिळांच्या तळाशी बोट घालून तिनं एक कार्ड वर काढलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"हे मूळ. तुला दिली ती नक्कल होती. मोबाइलच्या दुकानातून करून आणली होती. नवा पार्ट चालेपर्यंत जुना हातातून सोडायचा नाही, हा माझा कायदा."

"पोटच्या पोरीचाही भरवसा नाही?"

"पोटच्या पोरीचा तर मुळीच नाही. सातव्या महिन्यात आलीस तू. तुझी घाई मला तेव्हापासून माहीत आहे."

लेक डोळे पुसत हसली आणि पुन्हा बसली. या वेळी तिनं फाइलींना हात लावला नाही. आधी सगळ्या दोन ठिकाणी उतरवल्या, मग जशाच्या तशा बांधल्या. गठ्ठा काही केल्या लहान होईना.

"एवढं दाबूनही एवढाच?" आईनं विचारलं.

"ज्यात तेच ते पुन्हा असतं ना, ते दाबलं जातं. तुझ्या आवाजांत फुकटचं काही नाहीच, दबणार काय?" लेक आईकडे वळली. "आई, दिवसभर आवाजात बसते मी, पगार घेते त्याचा. पण कान म्हणावा तर तुझा. मला अभिमान वाटतो गं तुझा."

"बरं बरं. चालवून पाहा आधी."

गठ्ठा उघडून दोघींनी एक हेडफोन अर्धा अर्धा कानाला लावून दोनशे चौदाच्या दोनशे चौदा मशिनी ऐकल्या. सगळ्या व्यवस्थित आजारी होत्या. पाचला दहा कमी असताना मास्तरांना लिंक गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. लेकीनं तो स्पीकरवर टाकला.

"बाई, तुमचं बोलणं गाळून नुसती मशीन वाजवली," मास्तर म्हणाले. "वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणते, सर, आत काहीतरी सैल आहे. पहिल्याच तासाला! बाई, तुम्ही स्वतःच या शिकवायला. सोमवारपासून. आत्ताच रजिस्टरात तुमचं नाव घालतो, शिक्षक म्हणून. शिक्षण काय लिहू?"

लेकीनं आईकडे पाहिलं. आई ताठ बसली होती.

"दहावी नापास," डॉक्टरीण म्हणाली. "ठळक लिहा, मास्तर. आणि ते रजिस्टर खिडकीवरून न्या."