टोपोलनित्सा कुणाकडे आहे

माझी बायको नेवेना फेब्रुवारीत गेली, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तिचं मेल आलं.

तसं ते दर सोमवारी यायचं. नेवेना एका विमा कंपनीत सर्व्हर सांभाळायची. तिच्यासारखं काम करणारी आमच्या प्लोव्हदिव शहरात बरीच माणसं होती, त्यांची एक मंडळी होती. महिन्यातून एकदा ती जमायची, आणि मधल्या काळात कुठे काय नवीन आलं, कुठल्या कंपनीने काय महाग केलं, ल्युब्ल्याना किंवा सोफियाला कुठला मेळावा आहे, हे नेवेना सगळ्यांना कळवायची. आभासी यंत्रं हा त्यांचा विषय. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मी तिला एकदा विचारलं की हे आभासी यंत्र म्हणजे आहे तरी काय. ती म्हणाली, "एका खोक्यात दहा कॉम्प्युटर राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं घर आपल्या एकट्याचं आहे." मी मान डोलावली. मी आयुष्यभर घरांच्या छपरांना पत्रे आणि पन्हळी बसवल्या. पन्हळ हाताला लागते. तिचं काम मला कधी हाताला लागलं नाही.

माझं नाव तिने यादीत घातलं होतं. म्हणायची, "निदान एक वाचक तरी मला घाबरून असेल." मी फक्त वरची ओळ वाचायचो. ती हवापाण्याची असायची. खाली बातम्या सुरू झाल्या की फोन ठेवून द्यायचो.

पहिलं मेल आलं तेव्हा मी समजून घेतलं. कोठीघरात, पिठाच्या डब्यांखाली, तिचं सर्व्हरचं खोकं गुरगुरत होतं. तेच आपोआप पाठवत असणार. चाळीस दिवसांचा विधी होईपर्यंत राहू दे म्हटलं. विधी झाला, उकडलेले गहू वाटून झाले, पाहुणे गेले, आणि मी कोठीघरात जाऊन खोक्याची वायर काढली. घर इतकं शांत झालं की मला परत लावावीशी वाटली. पण लावली नाही.

सोमवारी मेल आलं.

पाऊस थांबला तरी पन्हळीतून थोडा वेळ पाणी येतं, तसं असेल असं मला वाटलं. पण पुढच्या सोमवारीही आलं, आणि त्याच्या पुढच्याही. वर लिहिलेलं असायचं, "वारा सुटलाय, बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या." खरोखर वारा सुटलेला असायचा. बातम्या एखादं यंत्र कुठून तरी गोळा करत असेल, हे मला मान्य होतं. पण वारा? तिच्या थडग्यावर अजून नीट दगडही बसला नव्हता आणि तिला आमच्या रस्त्यावरचा वारा माहीत होता.

ऑगस्टमध्ये सहा महिने झाले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी तिचा फोटो घातलेला स्मरणाचा कागद छापून आणला आणि इमारतीच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीपाशी चिकटवला. 'सहा महिने तुझ्याविना.' दारावरचा कागद तळव्याने सपाट करत होतो तेव्हाच खिशातला फोन वाजला. "या आठवड्यात प्लोव्हदिव भाजून निघणार आहे. सर्व्हरचे पंखे तपासा आणि स्वतः पाणी प्या. तुमची, नेवेना."

एका हाताखाली ती मेलेली होती आणि दुसऱ्या हातात पाणी प्या म्हणत होती. जिन्याच्या पायरीवर बसलो. बसल्या बसल्या मला एकच गोष्ट सुचली, की हे यंत्र नाही, माणूस आहे. मंडळीतलं कुणीतरी तिच्या नावाने लिहितंय. चांगल्या भावनेने लिहीत असेल, पण माझी बायको गेली आहे, आणि कुणी तिच्या जागी बसून बोलावं हे मला चालणार नव्हतं. मेलच्या तळाशी लिहिलं होतं, बैठक गुरुवारी संध्याकाळी, नेहमीच्या ठिकाणी.

नेहमीचं ठिकाण म्हणजे कपाना भागातल्या एका बिअरच्या दुकानाची वरची खोली. मी नेवेनाला तिथे सोडायला यायचो, वर कधी गेलो नव्हतो. दार उघडं होतं. आत डझनभर माणसं, टेबलावर पिझ्झाचे डबे. एक उंच बाई फोनमधून मोठ्याने वाचत होती. तिला मी ओळखत होतो. तिचं नाव बिल्याना, विद्यापीठात नोकरी करते, अंत्यविधीला सगळ्यात जास्त तीच रडली होती.

"नेवेनाच्या यादीतली तिसरी बातमी," बिल्याना वाचत होती. "मोठ्या कंपनीने परवान्याचे नियम पुन्हा बदललेत."

"पुन्हा?" खिडकीपाशी बसलेला ओग्न्यान म्हणाला. हा बँकेत आहे. "मागच्या खेपेला बदलले ते मला अजून कळले नाहीत. आता हे नवे न कळायला सुरुवात करतो."

"तू फुकटवाल्या प्रणालीकडे ये की," बिल्याना म्हणाली.

"येतो ना. तू माझ्या साहेबाला सांग, मी सामान बांधतो."

सगळे हसले. मग त्यांनी मला पाहिलं आणि हसणं बंद झालं. मेतोदी नावाचा जाडजूड गृहस्थ उठला आणि त्याने मला स्वतःची खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"तुमच्यापैकी कोण लिहितं ते सांगा," मी म्हणालो. "मी भांडायला आलो नाही. फक्त थांबवा."

"काय लिहितं, काका?" बिल्यानाने विचारलं.

"हेच. आत्ता तुम्ही वाचत होता ते. पाणी प्या, कुंड्या आत घ्या, तुमची नेवेना. घरातलं खोकं मी वसंतातच बंद केलं. वायर काढून गुंडाळून ठेवली. मग हे कोण पाठवतं?"

बिल्यानाने ओग्न्यानकडे पाहिलं, ओग्न्यानने मेतोदीकडे.

"स्पासकाका," ओग्न्यान हळू आवाजात म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही लिहिता."

"मी?"

"म्हणजे, बातम्या यंत्र गोळा करतं, आणि वरची ओळ तुम्ही लिहिता. ती ओळ तुमच्यासारखीच असते ना. सरळ. आम्ही आपसात बोललो होतो, की काकांना तेवढाच विरंगुळा आहे, कुणी विचारायचं नाही."

"मी दर वेळी उत्तर पाठवायचो," मेतोदी म्हणाला. "'धन्यवाद, पाणी प्यायलो.' मला वाटायचं तुम्हाला बरं वाटत असेल."

आता मी खुर्चीत बसलो. इतके महिने मी समजत होतो हे लिहितात, आणि हे समजत होते मी लिहितो. मग लिहीत होतं कोण? कुणीतरी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तो प्यावा की नाही हेही मला कळेना.

बिल्यानाने लॅपटॉप उघडला. बाकीचे तिच्यामागे उभे राहिले, मीही. पडद्यावर नद्यांची नावं होती. मारित्सा, तुंजा, ओसम. "आपली यंत्रं," ती मला म्हणाली. "आम्ही त्यांना नद्यांची नावं देतो. ज्याची नदी त्याची. दुसऱ्याच्या नदीला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे." तिचं बोट खाली खाली गेलं आणि थांबलं. "टोपोलनित्सा. ही नेवेनाची. चालू आहे."

"कुठे?" मी विचारलं.

"मेतोदीकडे."

"माझ्याकडे?" मेतोदी म्हणाला. "हो, दिसते मला ती. पण मला वाटलं तू आणून ठेवलीस."

"मी कशाला ठेवू?" बिल्याना म्हणाली. "उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्याकडे होती. मला वाटलं ओग्न्यानने हलवली. मग माझ्याकडची वीज गेली आणि ती दिसेनाशी झाली. मी म्हटलं, नेली परत."

"मी हात लावला नाही," ओग्न्यान म्हणाला. "माझी नाही तर मी कशाला लावू?"

मला काहीच समजत नव्हतं. ओग्न्यानने मला समजावलं. नेवेनाने या सगळ्यांच्या घरची जुनी खोकी एकमेकांना जोडून दिली होती, शिकायला म्हणून. प्रत्येक यंत्राची एक प्रत बाकीच्यांकडे तयार असायची. एक खोकं बंद पडलं, की त्यातली यंत्रं दुसऱ्या कुणाच्या खोक्यात उठायची.

"म्हणजे मी वायर काढली तेव्हा," मी म्हणालो.

"तेव्हा ती तुमच्या घरून उठली आणि आमच्यापैकी कुणाकडे तरी गेली. तिथून पुढे. आता मेतोदीच्या तळघरात आहे. तिथे लोणचं आणि सर्व्हर शेजारी शेजारी मुरतात."

"लोणच्याबद्दल बोलायचं नाही," मेतोदी म्हणाला. "खाताना बोलत नाहीस."

"आणि वारा?" मी विचारलं. "उकाडा कसा कळतो तिला?"

बिल्यानाने काहीतरी उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिली. वाचताना तिने तोंडावर हात ठेवला. "ओळी लिहून ठेवल्यात तिने, काका. खूप आहेत. हवामान खात्याचा अंदाज येतो, त्याच्याशी जुळणारी ओळ यंत्र उचलतं. वाऱ्याच्या आहेत, धुक्याच्या आहेत. पहिल्या बर्फाचीही आहे. वाचू?"

"नको," मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण मागचे दोघे सरकले.

"बंद करायची ना?" मेतोदीने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने तिथूनच आपल्या तळघरातली टोपोलनित्सा बंद केली. पडद्यावरचा हिरवा ठिपका गेला. मी तो जाताना पाहिला. कुणी पिझ्झाला हात लावत नव्हतं. मग जरा वेळाने दुसऱ्या रांगेत हिरवा ठिपका लागला.

"माझ्याकडे आली," ओग्न्यान म्हणाला.

त्याने बंद केली. ती बिल्यानाकडे उठली. बिल्यानाने बंद केली तर परत मेतोदीकडे. खोलीत कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणी, आणि मलाही हसू आलं, आणि ते मला आवरेना. नेवेना अशीच होती. जेवायला बस म्हटलं की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत.

"असं नाही व्हायचं," बिल्याना डोळे पुसत म्हणाली. "तिने सूचना देऊन ठेवली आहे, की ही पडू द्यायची नाही. कुणाकडे का होईना, उठवायची. आधी ती सूचना काढावी लागेल. मग बंद केली की बंद." तिने माझ्याकडे पाहिलं. "काढू?"

याच्यासाठीच मी आलो होतो. घरून निघताना मला दुसरं काही नको होतं. पण आता ते तोंडातून निघेना. माझी बायको सांगून गेली होती की हे पडू द्यायचं नाही. ते तिने यंत्राला सांगितलं होतं, की या लोकांना, की मला? की कुणालाच नाही, सगळेच सर्व्हरवाले असं करतात? मी ओग्न्यानला विचारलं. तो म्हणाला, "सगळेच करतो, काका." मग म्हणाला, "पण बातमीपत्राला कुणी करत नाही. बँकेच्या हिशेबांना करतात."

त्यामुळे मी आणखीच गोंधळलो.

"हे बातमीपत्र लागतं का तुम्हाला?" मी विचारलं. "खरं सांगा. माझ्यासाठी बोलू नका."

"लागतं," मेतोदी म्हणाला. "मी आणखी कुठे वाचत नाही. सगळं इतक्या वेगाने बदलतं की मी सोडून दिलंय. ती जे सांगते तेवढंच मला माहीत असतं."

तो 'सांगते' म्हणाला, 'सांगायची' नाही. त्याला ते कळलं आणि तो लाल झाला.

"मग बातम्या राहू द्या," मी म्हणालो. "वरची ओळ काढा. सगळ्या ओळी काढा. आणि खाली तिचं नाव नको. तुमच्या मंडळीचं घाला."

"ओळी पुसून टाकू, की कुठे ठेवू?"

"ठेवा. पण माझ्याकडे नको. आणि मला सांगू नका कुठे ठेवल्या ते."

बिल्यानाने मान हलवली आणि कामाला लागली. काम फार नव्हतं. माझा ग्लास रिकामा होईपर्यंत संपलं. मग त्यांनी मला पिझ्झा दिला, मी खाल्ला, आणि ते परत परवान्यांवर भांडू लागले. मी शेवटपर्यंत बसलो. जावं असं वाटत नव्हतं, आणि बसून तरी काय करायचं हेही कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी फोन घेऊन बसलो. मेल आलं. वर काही नव्हतं. सरळ पहिली बातमी. मला सुटल्यासारखं वाटेल असं मी धरून चाललो होतो. तसं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर ते कुठे वाटतंय ते सापडेना. हवा कशी आहे ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी बाल्कनीत गेलो. ढग होते. पाऊस येईल की नाही, सांगता येत नव्हतं.

आत येऊन मी खालचं सगळं वाचलं, पहिल्यांदाच. थांबायला वर काही नव्हतं, म्हणून वाचत गेलो. एकाही बातमीचा अर्थ लागला नाही. तळाशी पुढच्या बैठकीचा विषय होता, आणि तो तर मला धड वाचताही येईना. मी मेतोदीला फोन लावला.

"हा विषय काय आहे?" मी विचारलं.

"मला नाही माहीत, काका. बिल्याना बोलणार आहे."

"मग तू कशाला जातोस?"

"कळत नाही म्हणूनच जातो," तो म्हणाला. "घरी एकट्याला कळलं नाही की त्रास होतो. तिथे सगळ्यांनाच कळत नाही. तुम्ही येताय ना?"

मी म्हणालो बघतो. मग त्याला विचारलं, वर येताना सोबत काही आणायचं असतं का.