बारकीचं उतरणं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. उंचीने गुडघ्याएवढा, बांध्याने दणकट आणि स्वभावाने भित्रा. एका सुताराने मोडक्या बाकांच्या फळ्यांतून मला घडवलं, वर खरखरीत रबर ठोकलं आणि या व्हॉलीबॉलच्या हॉलमध्ये आणून टाकलं.

मला बनवून घेतलं फिजिओबाईंनी. निमित्त होतं ताईच्या गुडघ्याचं. ताई इथली सर्वांत चांगली खेळाडू. एकदा ती जाळीपाशी उंच उडाली, खाली आली आणि तिथेच कोसळली. कुणाचा धक्का नाही, पाय घसरला नाही. उतरताना गुडघा आत वळला, एवढंच. गुडघ्याच्या आतला बंध तुटला आणि ताईचा खेळ संपला.

त्यानंतर रोज सरावाआधी मुली माझ्यावरून खाली उड्या मारू लागल्या. "गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव. वाकव. मांजरासारखी उतर," असं बाई सांगत. मग एका पायावर तोल, मग मांड्यांचे व्यायाम. वाढत्या वयात मुलींचं अंग भराभर बदलतं, त्याला नव्याने वळण लावावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला डोळे नाहीत. मी हे सगळं जमिनीतून ऐकतो. मुलगी नीट उतरली की जमिनीला पत्ता लागत नाही.

पुढे बरीच वर्षं कुणाचा गुडघा गेला नाही. पाहुणे येत, माझ्या पाठीवर थाप मारत. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग बाईंची बदली झाली आणि मुलींना खेळ शिकवणाऱ्या सरांनी विचार केला. कुणाचा गुडघा जातच नाही, तर व्यायामात वेळ का घालवावा? बंद दारामुळे मांजर दूध पीत नाही, हे विसरून स्वयंपाकघराचं दार उघडं टाकावं, तसला हा विचार. माझी रवानगी कोपऱ्यात झाली. डोक्यावर पाण्याचा कॅन आला.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत बारकी, म्हणजे ताईची धाकटी बहीण, एकदम वाढली. नाव बारकी आणि हात जाळीच्या वर. ती उडे तेव्हा सगळे वाहवा करत. ती उतरे तेव्हा, धप्प. त्या प्रत्येक धप्पला माझे खिळे आवळून यायचे, पण सांगणार कसं?

एकदा ताई सराव बघायला आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"सर, ऐकताय का?"

"काय?"

"बारकीचं उतरणं. पोतं टाकल्यासारखं."

"पोतं नाही, तोफ आहे ती. दोन महिन्यांवर फायनल आली. आता तिला उड्या शिकवू?"

"उड्या नका शिकवू, उतरायला शिकवा. माझा गुडघा काय आधी कळवून गेला होता?"

"ताई, घरी बोल ना गं," बारकी चिडली.

"घरी तू ऐकतेस कुठे?"

 ताई कोसळली त्या दिवशी तिला उचलून गाडीत ठेवणारे सरच होते. त्यांनी स्वतःच माझ्या डोक्यावरचा कॅन खाली ठेवला.

बारकी रोज कुरकुरत उतरायला शिकली. "आजीबाईंचे व्यायाम," म्हणायची. आवाज हळूहळू कमी झाला. पण मित्रांनो, अशा व्यायामाने धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे माझा जीव टांगणीलाच होता.

फायनलच्या दिवशी मी रिकाम्या हॉलमध्ये ताटकळत होतो. सामना बघवणार नाही म्हणून ताईही तिथेच येरझाऱ्या घालत होती. संध्याकाळी दार उघडलं. मी पावलं ऐकू लागलो. लंगडणारं कुणी आहे का?

बारकी आली. नाक ओढत.

"गुडघा?" ताईने विचारलं.

"आम्ही हरलो, आणि तू गुडघ्याचं विचारतेस?"

"हो."

"आहे जागेवर."

ताई मटकन माझ्यावर बसली. 

मित्रांनो, शाबूत गुडघ्यासाठी कुणी कप देत नाही. वर्तमानपत्रात "काल काहीच झालं नाही" अशी बातमी येत नाही. म्हणून विनवतो, गुडघा दुखायच्या आधीच त्याची काळजी घ्या, आणि सगळं ठीक चाललंय म्हणून व्यायाम सोडू नका. उद्या पुन्हा सराव आहे. बारकी अजून वाढतेच आहे.