कपाटामागची जागा

मनिषाने रियाच्या डोक्यावर दुसऱ्यांदा शाम्पू ओतला आणि नखांनी केस खरवडायला घेतले.

"मम्मी, दुखतंय."

"दुखू दे. केसांना सुक्या जवळ्याचा वास येतोच कसा? टोपलीत डोकं घालून झोपतेस का तू?"

रियाने डोळे घट्ट मिटून घेतले. दुसरीतली पोर, एरवी तोंडाचा पट्टा बंद व्हायचं नाव नसायचं, पण या एका प्रश्नावर तिची वाचाच बसायची. शाळेत शेजारच्या मुलीने बाक बदलून मागितला होता. बाईंनी मनिषाला गेटवर गाठून अगदी गोड आवाजात "केसांकडे जरा बघा हं" असं सांगितलं होतं. मनिषाला तो गोड आवाजच जास्त झोंबला. करंजाड्यात फ्लॅटवर राहायला आल्यापासून मासळीचा वास घराबाहेर ठेवायला तिने काय काय केलं नव्हतं! कापूर जाळला, उदबत्त्या लावल्या, खिडकीत लिंबाच्या फोडी ठेवल्या. तरी उरणहून तिच्या सासूबाई सोनाबाई उन्हं तापायला लागली की ओल्या जवळ्याची पाटी पाठवायच्याच, आणि ती सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातल्याशिवाय मनिषालाही चैन पडत नसे. सोसायटीच्या ग्रुपवर त्या जवळ्यावर जेवढी चर्चा झाली होती तेवढी पाण्याच्या टंचाईवरही झाली नव्हती. पण कोळ्याची लेक ती, दुकानातली पाकिटातली सुकट तिच्या घशाखाली उतरली नसती.

केस पुसून तिने रियाला आतल्या खोलीत चित्र काढायला बसवलं आणि गच्चीवर जाऊन वाळत घातलेला जवळा वरखाली करून आली. गच्चीवर जाताना ती लॅच मागे सरकवून दार नुसतं ओढून घ्यायची. परत आल्यावर लॅच लावायचं राहून जायचं. हात माशाचे, त्यात लहानपण गेलं उघड्या दारांच्या कोळीवाड्यात. सोनाबाई तर बंद दार बघितलं की चिडायच्या, "दिवसा कडी लावाला घरान काय मयत झालंय काय?" नवरा, कल्पेश, यावरून किती वेळा ओरडला होता. ओरडायला त्याला कारण लागत नसे, पण या एका बाबतीत त्याचं खरं होतं.

मनिषा हात न धुताच खोलीच्या दारात उभी राहून चित्र बघत होती. रियाने घर काढलं होतं. तेवढ्यात हॉलमधलं दार करकरलं.

कल्पेश आला असेल, असं तिला वाटलं. जासईच्या कंटेनर यार्डातली त्याची शनिवारची पाळी लवकर सुटायची, पण एवढ्या लवकर नाही. शिवाय तो बूट बाहेर काढायचा. हे बूट फरशीवर वाजत होते, आणि ते दोघांचे होते.

"कोणी नाहीये. टाक पटापट," एक आवाज म्हणाला.

मनिषाने डोकं किंचित बाहेर काढलं. तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस टीव्हीखालचे ड्रॉवर उपसत होता. दुसऱ्याच्या हातात लोखंडी पहार होती. टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला तिचा फोन त्याने वायरीसकट ओढला आणि खिशात घातला.

तिने खोलीचं दार हलकेच लोटलं. आतून लावायला कडी नव्हती, कडीच्या जागी स्क्रूची नुसती भोकं होती. गणपतीत ती एकदा आतून कडी लावून बसली होती आणि कल्पेशने बाहेरून लाथ घातली होती. दुसऱ्या दिवशी त्यानेच रडत तिचे हात धरले होते. आजच्या आज नवी कडी आणतो, म्हणाला होता. ती अजून यायची होती. एक बरं, रिया तेव्हा झोपली होती. ती नेहमीच झोपलेली असायची. पोरीची झोप म्हणजे कुंभकर्णाची, ढोल वाजवा तरी जाग येणार नाही, असं मनिषा सगळ्यांना हसत सांगायची, आणि स्वतःलाही.

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. लपायचं कुठे? पलंग खालून फळ्यांनी बंद. खिडकीला ग्रिल. आरडाओरडा करावा तर भर दुपारी सगळ्या इमारतीची दारं बंद आणि पहारवाला माणूस दहा पावलांवर. आपलं काय व्हायचं ते होवो, या पोरीला कुठे ठेवू? ती नुसती गोल फिरत राहिली.

रियाने हातातला खडू गालिच्यावर ठेवला. फरशीवर नाही, गालिच्यावर. मग उठून तिने आईचं बोट धरलं आणि तिला कपाटाकडे नेलं.

ते सासऱ्यांचं जुनं लोखंडी कपाट होतं. कोपऱ्यात भिंतीतून पिलर पुढे आला होता, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नसे आणि मागे अंधारी फट राहायची. होडी विकल्यावर सासऱ्यांचं जाळं त्या फटीत आलं होतं. मनिषाने ते भंगारात द्यायचं काढलं तेव्हा सोनाबाई उसळल्या होत्या, "जालं हाय ते, भंगार नाय!" तेव्हापासून ते तिथे खुंटीला लटकत होतं, आणि त्याच्या मागे गेल्या वर्षीच्या सुकटीची पिशवी. दिसायला नको म्हणून मनिषानेच ती तिथे टांगली होती.

रियाने जाळ्याची कड उचलली, अंग आडवं केलं आणि आत सरकली. जाळ्याच्या कडेला ओवलेला शिशाचा एक मणीसुद्धा वाजला नाही. मनिषाला सरकताना कोपर सोलवटून घ्यावं लागलं. रियाने तिच्यामागे हात घालून जाळं पुन्हा सारखं केलं.

आत दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. मनिषाच्या अंगाखाली काहीतरी मऊ आलं. हॉलमधली उशी, गेले काही महिने ती सापडत नव्हती. पायाला लागली ती जांभळी पाण्याची बाटली. शाळेत हरवली म्हणून रियाने त्या बाटलीपायी बोलणी खाल्ली होती. बिस्किटाच्या पुड्याला रबरबँड लावून ठेवलेला. आणि डोक्यावर, अगदी केसांना घासत, सुकटीची पिशवी.

तर इथे खेळते ही, मनिषाच्या मनात आलं. पुढचा विचार करायला वेळ नव्हता, खोलीचं दार उघडलं होतं.

मनिषाचा श्वास वर-खाली होत होता, नाकातून शिट्टीसारखा आवाज येत होता. रियाने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"नाकाने नको. तोंड उघडं ठेव, मग आवाज येत नाही."

मनिषाने तोंड उघडलं.

"शी! काय वास मारतोय," पहिला म्हणाला.

"कोळ्याच्या घरात काय अत्तर शिंपडणार? कपाट बघ."

पहार कपाटाच्या दारात घुसली. अख्खं कपाट मागे रेललं आणि त्याचा थंड पत्रा मनिषाच्या पाठीवर दाबला गेला. लोखंड किंचाळलं. आतले हँगर पडले, साड्यांचे गठ्ठे धपधप जमिनीवर आले. तिजोरीवर घाव बसायला लागले, आणि प्रत्येक घाव मनिषाच्या बरगड्यांत उतरत होता. तिने रियाला पोटाशी ओढलं. पोरगी थरथरत असेल, रडेल, आता रडेल, असं तिला वाटत होतं. रिया शांत होती. डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून ती जणू कशाच्या तरी संपण्याची वाट बघत बसली होती.

"मागे काय आहे रे?"

पहारीचं टोक जाळ्यातून आत आलं. मनिषाच्या खांद्याच्या वरून जाऊन ते पिलरवर आपटलं. सिमेंटचा चुरा तिच्या मानेवर पडला. माणसाने पहार मागे खेचली, ती जाळ्यात गुंतली. त्याने एक शिवी हासडून दोन हिसडे दिले. वरची खुंटी हलली. मनिषाने मनातल्या मनात एकवीरा आईला हाक मारली.

"जुनं जाळं आहे नुसतं. सोड," पहिला म्हणाला.

पहार सुटली आणि त्याच क्षणी फोन वाजला. त्या माणसाच्या खिशात मनिषाचा फोन जोरजोरात वाजत होता. कल्पेशचा फोन चुकू नये म्हणून तिने त्याच्यासाठी वेगळी, कानठळ्या बसवणारी रिंग लावली होती. फोन उचलला नाही तर काय होतं ते तिला माहीत होतं.

रियाचं अंग ताठ झालं. इतका वेळ दगडासारखी बसलेली पोर त्या रिंगने थरथरायला लागली. तिची नखं मनिषाच्या दंडात रुतली.

"बंद कर ते! चल, निघ, निघ."

बूट धावले. हॉलमधलं दार आपटलं. रिंग जिन्यातून खाली खाली गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

मनिषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने रियाचं कपाळ चुंबलं आणि जाळ्याकडे हात नेला. रियाने तो धरला.

"लगेच नाही निघायचं."

"गेले ते, बाळा."

"गेल्यासारखं वाटतं. मग परत येतात." रिया कुजबुजत होती, वर्गातल्या नव्या मुलीला खेळाचे नियम सांगावेत तशी. "फ्रिज उघडल्याचा आवाज आला की मग निघायचं. पप्पा पाणी पितात. मग झोपतात. घोरायला लागले की मी माझ्या जागेवर जाते."

मनिषाने तिच्याकडे मान वळवली. अंधारात पोरीचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

"तू... झोपलेली असतेस ना तेव्हा?"

रियाने नाही म्हणून मान हलवली. ओले केस मनिषाच्या हनुवटीला लागले. दोनदा शाम्पू लावलेल्या त्या केसांना पुन्हा सुकटीचा वास लागला होता.

मनिषाला स्वतःची इतकी लाज वाटली की चोरांची भीतीही तिच्यापुढे काहीच नव्हती. सकाळी सगळं आवरून, चेहऱ्यावर पावडर लावून ती पोरीला उठवायची, तिचे डोळे सुजलेले दिसले की म्हणायची, झोप पुरली नाही वाटतं माझ्या सोन्याला. आणि वासासाठी लिंबाच्या फोडी ठेवायची.

लिफ्टचं दार वाजलं.

"अरे... हे काय? मनिषा!" कल्पेशचा आवाज हॉलमधून आला. "रिया! मनू! कुठे आहात तुम्ही? फोन का नाय उचलत?"

तो स्वयंपाकघरात धावला, बाल्कनीत धावला. काहीतरी फुटलं. मग तो खोलीत आला आणि उपसलेलं कपाट बघून जागच्या जागी उभा राहिला. जाळ्याच्या फटीतून मनिषाला त्याचे पाय दिसत होते. घाबरून घाईत आत आला होता तो, बूट काढायचे राहिले होते. ते पाय पलंगापाशी गेले. तो मटकन बसला आणि रडायला लागला, हुंदके देत, लहान मुलासारखा.

हे रडणं मनिषाच्या ओळखीचं होतं. दर वेळी तिने ते खरं मानलं होतं, आणि ते खरंच असायचं. आताही होतं. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने जाळ्याची कड उचलली.

"मम्मी," रिया तिच्या कानात म्हणाली, "पाणी नाही प्यायले अजून."

मनिषाने कड सोडली. जाळं खाली आलं, शिशाचे मणी फरशीवर हलकेच वाजले.

बाहेरचं रडणं थांबलं.

"कोण आहे?" कल्पेशने विचारलं.

मनिषाने रियाला जवळ घेतलं आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, लेकीने शिकवला होता तसा.